एकाच विद्यापीठात महाविद्यालय बदलताना
(पौड येथे विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



आज मला शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलायचे नाही. ते या सभागृहातील प्रत्येक आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मला एका लहानशा वाटणाऱ्या विषयावर बोलायचे आहे. लहान खरा, पण त्यापायी माझे स्वतःचे एक वर्ष गेले. तो विषय म्हणजे महाविद्यालय बदलणे.

आपला मुळशी तालुका पुण्याला लागून आहे, तरी कोळवण, मुठा, ताम्हिणी या भागातल्या मुलाला शहरातले कॉलेज लांबच पडते. कोणी नातेवाइकाकडे राहतो, कोणी वसतिगृहात. नातेवाइकाची बदली होते, वडील आजारी पडतात, वसतिगृहात जागा मिळत नाही, मग कॉलेज बदलावे लागते.

माझेही तसेच झाले. मी पुण्यात काकांकडे राहून शिकत होतो. पहिले वर्ष पास झालो आणि काकांची बदली झाली. घरून एस.टी.ने ये-जा करायची म्हणून मी कोथरूडच्या बाजूच्या कॉलेजात जायचे ठरवले. वाटले, विद्यापीठ एकच, अभ्यासक्रम एकच, मग अडचण कसली? नव्या कॉलेजात जाऊन बसू लागलो. जुन्या कॉलेजने दाखला अडवला, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आली नव्हती आणि फी बाकी दिसत होती. दाखला नाही म्हणून प्रवेश कायम नाही, प्रवेश कायम नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म नाही. वर्ष गेले. दोष एकट्या कारकुनाचा नव्हता. मी कोणाला काही विचारले नाही, लेखी अर्ज दिला नाही, हा दोष माझा होता.

मित्रहो, आपले विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. तेव्हा त्याचे कार्यक्षेत्र १२ जिल्ह्यांचे होते. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि हे क्षेत्र पाच जिल्ह्यांवर आले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाल्यावर धुळे व जळगाव वेगळे झाले. पुणे, नगर आणि नाशिक हे जिल्हे उरले. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. म्हणजे आपला विद्यार्थी पिरंगुटहून पुण्यात आला किंवा नाशिकहून पुण्याला आला, तरी तो एकाच विद्यापीठात राहतो. त्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागत नाही. ते विद्यापीठ बदलताना लागते. परंतु जुन्या कॉलेजचा दाखला, गुणपत्रिका, ना हरकत पत्र आणि नव्या कॉलेजात त्या वर्गात रिकामी जागा, एवढे पाहावेच लागते.

आता तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली गोष्ट. शक्यतो वर्ष संपल्यावर, निकाल लागल्यावर बदला. सत्राच्या मध्येच गेलात तर हजेरी आणि अंतर्गत गुण यांचा हिशेब कोणी करायचा, हा प्रश्न उभा राहतो. तुमचे विषय नव्या कॉलेजात शिकवतात का, हे आधी विचारा. फर्ग्युसनसारखी काही महाविद्यालये आता स्वायत्त आहेत. त्यांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची स्वतःची असते. तेथून येताना किंवा तेथे जाताना श्रेयांक जुळवावे लागतात. २०२१ पासून श्रेयांकांची बँक सुरू झाली आहे. तिच्यात तुमचे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहू शकतात. आपले खाते उघडले आहे का आणि त्यात श्रेयांक चढले आहेत का, हे स्वतः पाहा.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राकडूनही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. ही सवलत मागच्या पिढीने झगडून मिळवली आहे, ती एका अर्जाअभावी घालवू नका. या योजनेच्या नियमावलीत वर्षानुवर्षे अशी अट राहिली आहे की, शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. म्हणून कॉलेज बदलण्याआधी समाजकल्याण कार्यालयात लेखी कळवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नंतर महाडीबीटीवर नव्या कॉलेजचे नाव आले का, ते तपासा. वसतिगृह किंवा स्वाधार योजनेचा लाभ घेत असाल तर तेथेही विचारा, कारण हे लाभ शिक्षणाच्या ठिकाणाशी बांधलेले असतात.

तिसरी गोष्ट दाखल्यांची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की, संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत. पाहून, पडताळून ती परत द्यायची असतात. माझ्या वेळी मला हे सांगणारे कोणी नव्हते. तुम्ही भांडू नका, पण गप्पही बसू नका. प्राचार्यांना अर्ज द्या. उत्तर आले नाही तर विद्यापीठाकडे जा.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना परतावे लागले. पण ते तसेच उठून आले नाहीत. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिक्षण मध्येच तुटले, पण नाव तुटू दिले नाही. जाताना त्यांनी परतीची वाट कागदावर बांधून ठेवली होती.

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी कॉलेज बदलायचे म्हणाली तर रागावू नका. मुलींच्या बाबतीत तर विशेष सांगतो. बस बंद झाली किंवा राहण्याची सोय गेली की, लग्नाचा विषय काढण्याआधी जवळच्या कॉलेजचा विषय काढा. आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की, जून-जुलैमध्ये आठवड्यातून एक दिवस विहारात बसा आणि मुलांचे अर्ज लिहून द्या. त्याला निधी लागत नाही, दोन तास लागतात.

माझे एक वर्ष गेले, ते परत येणार नाही. तुमच्यापैकी एकाचे जरी वाचले, तरी आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.