दयेपलीकडची सायकलयात्रा

(बुलढाणा जिल्ह्यातील युवकांपुढे झालेल्या भाषणाचा सारांश)



आषाढी वारी आटोपून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतू लागली की सिंदखेडराजा, लोणार, मेहकर या वाटेवर एक दृश्य दरवर्षी दिसते. पालखी दृष्टीस पडण्यापूर्वीच गावकरी पाण्याची पिंपे भरून ठेवतात, चहाची आधणे चढतात. खामगाव ते शेगाव हा अखेरचा टप्पा तर हजारो लोक पालखीसोबत पायी चालतात. त्या वाटेवर देणारा मोठा आणि घेणारा लहान, हा विचार कोणाच्या मनाला शिवत नाही. पाणी देणाराच वाकून नमस्कार करतो. सेवेच्या हेतूने सायकलवर दूरचा पल्ला गाठू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा धडा प्रथम गाठीशी बांधावा.

महाराष्ट्राने अशी एक यात्रा पाहिली आहे. 24 डिसेंबर 1985 रोजी, साने गुरुजींच्या जयंतीदिनी, बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकलयात्रा निघाली. शंभरावर युवक-युवती काश्मीरच्या दिशेने पेडल मारू लागले. पल्ला होता सुमारे 5 हजार किलोमीटरचा. ज्या कन्याकुमारीला 1892 च्या डिसेंबरात स्वामी विवेकानंदांनी दरिद्री, पददलित भारताचे चिंतन केले, तेथूनच ही तरुण मंडळी तो भारत डोळ्यांनी पाहायला निघाली, हा योग अर्थपूर्ण होता.

निघाल्यानंतर दोनच दिवसांनी बाबांनी वयाची 71 वर्षे पूर्ण केली. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे, एवढेच शरीराने हाती ठेवले होते. सायकल चालवणे तर दूरच. मग बाबा गाडीत आडवे पडून यात्रेबरोबर निघाले. सकारात्मक वृत्ती म्हणतात ती हीच. वेदना नाहीच, असे बाबांनी कधी भासवले नाही. काय गेले याचा हिशेब मांडत न बसता, जे उरले आहे त्यात काय करता येईल, एवढेच त्यांनी पाहिले. 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले तेही याच दृष्टीतून. समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांच्या उरलेल्या बोटांत किती बळ आहे, हे बाबांनी पाहिले आणि त्या हातांना काम दिले. दान माणसाला दुबळे करते, श्रम त्याला उभे करतात, ही त्यांची धारणा होती. म्हणूनच त्यांची यात्रा निधीसाठी नव्हती, मने जोडण्यासाठी होती. पंजाब दहशतवादाने होरपळत असताना त्या प्रदेशातून जाणे हे नुसते धाडस नव्हते. ‘तुम्ही आमचे आहात’ हे तेथे जाऊन सांगणे होते. पुढे 1988 मध्ये याच ध्येयाने अरुणाचलपासून गुजरातच्या ओखा बंदरापर्यंत दुसरी यात्रा निघाली.

हे काम सायकलच का करू शकते? मोटारीच्या काचेआडून गाव दिसते, माणूस दिसत नाही. सायकलस्वाराला पाणी मागावे लागते, रस्ता विचारावा लागतो, पंक्चर झाले तर अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसावे लागते. मदत द्यायला निघालेला माणूस पहिल्याच दिवशी मदत घ्यायला शिकतो. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येताना हे कोणालाही अनुभवता येईल. सपाटीवर पुढचा स्वार वारा अंगावर झेलतो, म्हणून मागच्याचे कष्ट हलके होतात. काही वेळाने मागचा पुढे येतो. चढावर मात्र वाऱ्याचा आडोसा फारसा कामी येत नाही. तेथे सर्वांत दमलेल्याच्या वेगाने जाणे हीच सोबत्यांची माणुसकी.

2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ 8 दिवस 14 तास 55 मिनिटांत पूर्ण केली. आदिवासींच्या नेत्रोपचारासाठी मदत उभी करणे हा त्यामागील हेतू होता. एकाने चालवायचे तेव्हा दुसऱ्याने विसावा घ्यायचा, अशी ही दोघांची शर्यत. यात एकट्याचा पराक्रम संभवत नाही. विसावा घेणाऱ्याचा भार दुसरा वाहतो आणि आपली पाळी आली की पहिला विनातक्रार उठतो. मोहिमेबरोबरची मोटार चालवणारे, जेवण देणारे, चाके दुरुस्त करणारे हातही त्या यशाचे तितकेच धनी असतात.

आता आपल्या अंगणाकडे वळू. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या 6 जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. कपाशी वाळलेली, डोक्यावर कर्ज, अशा शेतकऱ्याला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणे फार सोपे असते, आणि म्हणूनच ते पुष्कळदा निर्दय ठरते. सकारात्मकता हा दुसऱ्याला द्यायचा उपदेश नव्हे. ती स्वतःवर घालून घ्यायची शिस्त आहे. त्या शेतकऱ्याच्या दारी सायकल थांबली तर आधी त्याच्या हातचे पाणी घ्यावे. त्याचे म्हणणे पुरते ऐकावे. छायाचित्राची घाई करू नये. गोळा झालेल्या निधीचा पैन्‌पै हिशेब जाहीर करावा, आणि यात्रा संपल्यावर त्या दारी पुन्हा एकदा, गाजावाजा न करता, जावे.

किती किलोमीटर झाले, हे सायकलवरचे यंत्र सांगेल. यात्रा सफल झाली की नाही, हे मात्र वाटेवरची माणसेच सांगतील. दुसऱ्यांदा जाल तेव्हा त्या घरातील माणूस ‘या, बसा’ म्हणत चटई अंथरतो का, एवढे पाहा. अंथरली, तर पल्ला गाठला असे समजा.