पाय ठेवायची जागा



स्वागताध्यक्षाने मांडव, पाणी आणि पंगती बघाव्यात, विषयात फार शिरू नये, असा आपल्याकडचा संकेत आहे आणि तो बरा आहे. पण यंदा विषय ठरला ‘ईश्वर विश्वापलीकडे की विश्वाच्या व्यवहारात’, आणि जागा ठरली गोरोबाकाकांचे तेर. त्यामुळे थोडे बोलल्यावाचून राहवत नाही.

तेरणेकाठचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाने ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आणि लामतुरे संग्रहालय उद्या सकाळी सवडीने बघा. मला बोलायचे आहे ते इथल्या थापटण्याबद्दल. संतमंडळी काकांच्या घरी जमली, मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले, नामदेव रुसले आणि कच्चे मडके ठरले, ही कथा तुम्हाला पाठ आहे. पुढे नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, तर ते पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंड. तुमच्या विषयपत्रिकेवरचा प्रश्न आमच्या कीर्तनकारांनी असा मांडून ठेवला आहे. यात एक गंमत आहे. देव एका जागी मावत नाही हे शिकवायलाही कथेला चमत्कारच लागला. निर्गुणाचा पाठ, पण देवाने हात घातल्याशिवाय तो पटायचा नाही!

आमच्या जिल्ह्यात या प्रश्नाची सगळी उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. तुळजापूरची भवानी ही चलमूर्ती. भाद्रपद वद्य अष्टमीला ती सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते आणि घटस्थापनेला उठते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले की पुन्हा श्रमनिद्रा, थेट कोजागिरीपर्यंत. महिषासुराशी लढून आई दमली, असे भाविक सांगतात, आणि तिचा पलंग अहिल्यानगरहून येतो. १७१५-१६ मध्ये लायब्निझ आणि न्यूटनच्या बाजूने लिहिणारे क्लार्क पत्रांतून वाद घालत होते, की देवाला आपले विश्वाचे घड्याळ अधूनमधून दुरुस्त करावे लागते की नाही. तुळजापूरच्या पुजाऱ्याला हा वाद ऐकवला तर तो म्हणेल, आधी आईला निजू द्या.

तिकडे परंडा तालुक्यात डोमगावला दासबोध लिहून घेणाऱ्या कल्याणस्वामींची समाधी आहे. त्या ग्रंथातले ब्रह्म कशालाही न चिकटणारे, निर्लेप. पण ते सांगणाऱ्या समर्थांनी गावोगाव मारुती बसवले. आणि भूम तालुक्यात कुंथलगिरी. तिथे १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. जैन दर्शनात विश्व घडवणारा, चालवणारा ईश्वरच नाही. कर्म आपले, सुटकाही आपली. चार-पाच तासांच्या फेऱ्यात तुम्ही दमणाऱ्या देवीपासून या ठिकाणापर्यंत जाऊन येऊ शकता. वाद झाल्याचे माझ्या कानावर नाही.

मात्र एका रात्री हा प्रश्न पोथीतून बाहेर आला. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडचे सास्तूर, होळी, राजेगाव दगडमातीखाली गेले. दख्खनचे पठार स्थिर समजले जात होते. भिंती दोन-दोन हात जाड, दगडाच्या, मातीत रचलेल्या. वर माळवदाचे ओझे. विज्ञानाकडे उत्तर आहे: जमिनीखालचा ताण मोकळा झाला, आणि अशी घरे ते सोसत नाहीत. आदल्या संध्याकाळी ज्याला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटले त्याचे काय, याला विज्ञानाकडे उत्तर नाही आणि ते देणे त्याचे कामही नाही.

काकांच्या कथेत चिखल तुडवताना पायाखाली लेकरू सापडले, पुढे पांडुरंग स्वतः कुंभार होऊन राबला आणि लेकरू जिवंत परत आले. सास्तुरात कोणाचे लेकरू परत आले नाही. म्हणून माझे सरळ म्हणणे आहे. देव व्यवहारात हात घालतो असे जे मांडतील, त्यांनी त्या पहाटेचा हिशेब द्यावा. ‘त्यांच्या कर्माची फळे’ हे उत्तर मी तरी ऐकून घेणार नाही. आठ महिन्यांच्या पोराचे कर्म काढून दाखवा. आणि देव पार पलीकडे आहे असे जे मांडतील, त्यांनी सांगावे, की सगळे गमावलेली माणसे पुढच्या नवरात्रात अनवाणी तुळजापूरला का निघाली. मदत, पत्रे, पैसे सरकारकडून मिळतात, हे त्यांना कळत होते. तरी गेली. त्यांना अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

माझा कल विसोबांकडे आहे. सगळीकडे जो आहे त्याने एके ठिकाणी येऊन भिंत धरावी, ही अपेक्षा मला चुकीची वाटते. भिंत नीट बांधणे आपल्याकडे होते. पण मी शेतकरी माणूस, निवाडा तुमचा.

जाता जाता एवढेच. २०२० च्या जानेवारीत आमच्या जिल्ह्यात त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि साहित्यनगरीला नाव गोरोबाकाकांचे होते. ते नाव आम्ही अजून तितक्याच मोकळेपणाने वापरतो, याची खात्री बाळगा.

मुक्कामाची सोय भक्तनिवासात आणि गावकऱ्यांच्या घरी आहे. आमच्याकडे पाणी मापातच असते, बादली जपून वापरा. संध्याकाळच्या खुल्या सत्राला सास्तूर आणि होळीहून काही मंडळी येणार आहेत. ती प्रश्न विचारतील. त्यांना ‘वेळ संपली’ म्हणू नका, आणि उत्तर त्यांना कळेल अशा मराठीत द्या. आपण सगळ्यांनी यावे, बोलावे, वाद घालावा.  रामकृष्णहरी!