आधी प्रायव्हेट नंबर घ्या

(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीसेक वर्षे चरोदा यार्डाच्या आसपास रूळ, स्लीपर आणि गिट्टी यांच्या सहवासात गेली. कार्यवाह म्हणाले, या वर्षी तुम्ही रेल्वेवर बोला. मी म्हटले, रेल्वेवर थोडे बोलेन, पण विषय दुसरा घेऊ द्या. घरबसल्या अनुवादाचे काम देतो असे सांगून आपल्या लेकीसुनांना आणि मुलांना फसवणारे जे लोक आहेत, त्यांच्याविषयी मला बोलायचे आहे.

आपल्या भिलाईतली मराठी घरे पाहा. घरात मराठी, शाळेत हिंदी, प्लांटच्या कागदांत इंग्रजी आणि बाजारात छत्तीसगढी. तीन-चार भाषा आपल्या मुलांना मुद्दाम न शिकवता येतात. नागपूर-पुण्याच्या पाहुण्यांनी आपल्या मराठीला कितीही हसावे, पण एका भाषेतून दुसरीत उडी मारायची सवय आपल्याला जन्मापासून असते. तेव्हा अनुवाद हे आपल्याला जमणारे काम आहे, आणि असे काम जगात खरोखर आहेही. औषधांची माहितीपत्रके, बँकेचे अर्ज, मोबाईलमधला मजकूर, सगळ्याला हिंदी आणि मराठी लागते. सरकारलाही लागते. केंद्रीय अनुवाद ब्यूरो १९७१ सालापासून आहे, आणि आमच्या रेल्वेत हिंदी अनुवादकांची पदे रीतसर भरली जातात. म्हणून लहान मूल असलेली सून, सेवानिवृत्त काका, नोकरीची वाट पाहणारी पदवीधर मुलगी यांच्या मोबाईलवर "मराठी अनुवादक पाहिजेत, घरबसल्या काम, पानाला इतके रुपये" असा निरोप आला, तर त्यांना तो खरा वाटणारच. त्यात त्यांचा मूर्खपणा काही नाही.

आमच्या खात्यातले एक प्रकरण सांगतो, म्हणजे पुढचे लवकर ध्यानात येईल. २०२२ च्या जून-जुलै महिन्यांत तमिळनाडूतले किमान २८ तरुण नवी दिल्ली स्टेशनावर रोज आठ तास उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि त्यांचे डबे मोजत होते. तिकीट तपासनीस, लिपिक अशा पदांचे हे प्रशिक्षण आहे, असे त्यांना सांगितले होते. त्यासाठी प्रत्येकाने दोन लाखांपासून चोवीस लाखांपर्यंत रक्कम मोजली होती. एकूण आकडा २ कोटी ६७ लाखांचा होता. त्यांत बहुतेक जण अभियांत्रिकी किंवा तांत्रिक शिक्षण घेतलेले. डिसेंबरमध्ये ही बातमी आली तेव्हा आमच्या ऑफिसात लोक हसले. मला काही हसू आले नाही. फलाट खरा होता, गाड्या खऱ्या होत्या, मोजणीही खरी होती. फक्त नोकरी नव्हती.

आमच्या बऱ्याचशा पदांची भरती रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीतून आणि परीक्षेतून होते. आपल्यासाठी ते मंडळ बिलासपूरला आहे. सर्वसाधारण उमेदवाराच्या ५०० रुपये शुल्कातले ४०० रुपये तो पहिल्या परीक्षेला बसल्यावर परत मिळतात. निवड झाल्यावर तर कोणी एक पैसाही मागत नाही. पण हे नियम निदान छापलेले आहेत. ज्याला घरी बसून परदेशातल्या किंवा परगावच्या कंपनीसाठी अनुवाद करायचा आहे, त्याने कोणाचा नियम पाहायचा?

इथेच अनुवादकाची अडचण आहे. या धंद्यातल्या ज्या खऱ्या रीती, त्याच चोरांच्या कामी येतात. काम देणारा कधी डोळ्यांना दिसत नाही, हे खऱ्या धंद्यातही असते. आधी छोटा नमुना करून मागतात, हेही असते. बायोडाटा मागतात, गुप्ततेचा करार सही करून घेतात, पैसे महिन्या-दीड महिन्याने देतात, हे सगळे चांगल्या कंपन्याही करतात. चोर नवीन काही करत नाही. त्याच रीतींना एकेक गाठ जास्त मारतो.

नमुना दोन-तीनशे शब्दांचा असायला हवा, तो पाच-दहा पानांचा देतो. एकच पुस्तक वीस जणांत "चाचणी" म्हणून वाटायचे, सगळ्यांना "आपली निवड झाली नाही" असे कळवायचे, आणि पुस्तक फुकटात तयार! पैसे बुडाले तर पोलीस निदान विचारतात किती बुडाले. दहा पानांची रात्र-रात्र केलेली मेहनत बुडाली तर कोणत्या रकान्यात लिहायची, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

बायोडाट्याची तऱ्हा आणखी वेगळी. नामवंत अनुवादकाचा बायोडाटा मिळवायचा, त्यातला ईमेल पत्ता बदलायचा आणि त्याच्या नावावर कंपन्यांकडून कामे घ्यायची. मजकूर मशिनातून काढून तसाच पाठवून द्यायचा. पैसे चोराला, आणि नाव खराब होते ते ज्याने वीस वर्षे काम केले त्याचे. त्या बिचाऱ्याला कळतही नाही की कामे येणे का थांबले. म्हणून बायोडाट्यावर जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार, पॅन लिहू नये, आणि तो दिसेल त्याला पाठवू नये.

आता करार. आमच्या ओळखीच्या एका घरातली सून, हिंदीत एम.ए., मूल दीड वर्षाचे. तिला पन्नास पाने हिंदीतून मराठीत करायचे काम मिळाले. मोबाईलवरच करारावर सही झाली. मुदतीच्या आदल्या दिवशी काम जमा करायचे पान उघडेना. दुसऱ्या दिवशी "वकिलांचा" फोन. तुमच्या कामात नव्वद टक्के अचूकता नाही, करार मोडला आहे, दंड भरा, नाहीतर पोलीस घरी येतील. वर शिक्का मारलेली नोटीस. वहिनींनी घरात कोणाला न सांगता दोनदा पैसे भरले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तो सासऱ्यांच्या हाती लागला. सासरे प्लांटमधून निवृत्त झालेले, आवाज अजून कोक ओव्हनमधलाच. त्यांनी एवढेच विचारले, "कोणते कोर्ट, केस नंबर काय?" तिकडून फोन बंद. पैसे काही परत आले नाहीत. पण मला जास्त लागले ते हे, की ती मुलगी दोन महिने घरात भीत वावरली आणि आम्हा कोणाला कळले नाही.

कायद्याचे मी दोन शब्द सांगतो, वकील मंडळी समोर बसली आहेत, चुकलो तर थांबवा. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे करारात लिहिलेला दंड तसाच्या तसा वसूल होत नाही. त्यापर्यंतची वाजवी भरपाई किती, हे न्यायालय ठरवते. फसवून घेतलेली सही तर आपण नाकारू शकतो. आणि कोणतेही न्यायालय फोन करून यूपीआयने दंड मागत नाही. उलट संगणकाच्या साधनाने तोतयेगिरी करून फसवणाऱ्यालाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

एक प्रकार मात्र असा आहे की त्यात फसलेला माणूसच आरोपीच्या रांगेत जाऊन बसतो. कामाचे म्हणून पाच हजार यायचे असतात, खात्यात पन्नास हजार येतात. "चुकून जास्त गेले, बाकीचे या दुसऱ्या खात्यात टाका." आपण प्रामाणिक, लगेच टाकतो. ते पन्नास हजार दुसऱ्याच कोणाचे तरी लुबाडलेले असतात. मग दूरच्या राज्यातल्या पोलिसांचे पत्र बँकेत येते आणि आपले खाते गोठते, पगारासकट. २०२३ साली महादेव अ‍ॅपच्या प्रकरणात आपल्या भिलाईचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. दुसऱ्यांच्या नावावरची खाती कशी वापरतात, हे तेव्हा आपण वाचले आहे. असे जास्तीचे पैसे आले तर स्वतः कुठेही पाठवू नका. बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. परत करायचे ते बँक करेल.

मग काम खरे की खोटे, हे ओळखायचे कसे? आमच्या रेल्वेत एक जुनी पद्धत आहे. गाडी यायची असली की स्टेशन मास्तर फाटकावरच्या गेटमनला फोन करतो. गेटमन फाटक बंद करतो, आणि "बंद केले" एवढे म्हणून सुटत नाही. त्याच्याजवळ आकड्यांचा कागद असतो, त्यातला एक आकडा तो सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. मास्तर तो वहीत लिहितो, गेटमन आपल्या कागदावर खोडतो. तो आकडा पुन्हा वापरायचा नाही. तुमचे ओटीपी आज आले, आमचे हे फार जुने आहे. दोघे दहा वर्षे एकमेकांना ओळखत असले तरी नंबराशिवाय चालत नाही. आम्ही रुळाच्या कामासाठी ब्लॉक घेतो तेव्हाही हेच. आणि बोलायची तार ठरलेली, केबिन ते फाटक. कुठल्याही फोनवरून कोणी बोलले म्हणून गाडी सोडत नाहीत.

अनुवादाच्या कामातही ही ठरलेली तार आपणच शोधायची. पत्रात दिलेला फोन नंबर बाजूला ठेवा. त्या कंपनीचा नंबर आणि पत्ता स्वतः शोधून काढा, तिथे विचारा की या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का, आणि हे काम तुम्हीच दिले आहे का. खरी कंपनी रागावत नाही. तिचा माणूस कंपनीच्याच नावाच्या ईमेलवरून लिहितो, कामाचा लेखी आदेश देतो, शब्दाचा दर आणि पैशांची तारीख त्यात असते. नोंदणी, सुरक्षा ठेव, सॉफ्टवेअरची किंमत या नावाखाली पैसे मागितले की तिथेच थांबा. कामाचे पैसे आपण घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

पैसे गेलेच, तर १९३० हा नंबर लावा, आणि त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. तक्रार वेळेवर पोचली तर मधल्या बँकेत अडवता येतात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार होते. घरातल्या मोठ्यांनी तेवढा वेळ "तुला अक्कल नव्हती का" हे वाक्य गिळावे. त्या वाक्याच्या भीतीनेच पोरी चार-चार दिवस बोलत नाहीत, आणि तोवर पैसा कुठल्या कुठे गेलेला असतो.

आता आरतीची वेळ झाली. आरतीनंतर मी मंडपामागच्या खोलीत तासभर बसणार आहे. ज्यांच्या मोबाईलवर असे निरोप, करार किंवा नोटिसा आल्या असतील त्यांनी त्या पुसू नयेत, तशाच घेऊन याव्यात. आपल्यातले एक वकील आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही थांबणार आहेत. नाव कुठेही लिहून घेणार नाही.