‘अपवादा’ची किंमत : पॉल रोब्सन, जॅकी रॉबिन्सन आणि वर्णद्वेषाचा साचा

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील वर्णद्वेषाचा विषय निघाला की आपल्या अभ्यासवर्गांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या देशात २००८ साली एक कृष्णवर्णीय गृहस्थ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला, जिथे कृष्णवर्णीय खेळाडू, गायक आणि नट अमाप पैसा व कीर्ती मिळवतात, त्या देशात वर्णद्वेष आता उरला तरी कुठे? हा प्रश्न विचारणारा प्रत्येक जण प्रतिगामीच असतो असे नाही. पुष्कळदा तो प्रामाणिकपणे बुचकळ्यात पडलेला असतो, आणि घोषणा देऊन त्याचे समाधान होणार नाही. कृष्णवर्णीय माणसाला यश कोणत्या अटींवर मिळते, आणि ते टिकवण्यासाठी त्याच्याकडून काय वसूल केले जाते, हे त्याला दाखवून द्यावे लागेल. त्यासाठी १९४९ सालच्या एका घटनेभोवती आजचे विवेचन मी गुंफणार आहे. त्या घटनेत अमेरिकेतील दोन अत्यंत यशस्वी कृष्णवर्णीय पुरुष एकमेकांसमोर उभे करण्यात आले होते.

साचा कसा घडला?

कृष्णवर्णीयांविषयीच्या ठोकळेबाज कल्पना म्हणजे केवळ अडाणीपणातून उद्भवलेले गैरसमज, अशी एक समजूत आहे. ती अपुरी आहे. या प्रत्येक कल्पनेला एक काम नेमून दिलेले होते. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लक्ष गुलाम होते आणि दक्षिणेतील कापसाची सारी संपत्ती त्यांच्या श्रमांवर उभी होती. तरीही आळशी ठरले ते हेच लोक! कारण एकदा आळशी ठरवले की चाबकाचे समर्थन करता येते. तो स्वभावतःच आनंदी, सदा गाणारा-नाचणारा आहे असे म्हटले की गुलामगिरीत दुःख नव्हतेच असे सांगता येते. गुलामगिरी संपल्यावर जेव्हा तो मत मागू लागला, जमीन मागू लागला, तेव्हा त्याला हिंस्र पशू ठरवण्यात आले, आणि जमावाने त्याला झाडाला लटकावण्यास नैतिक आधार मिळाला. १८३० नंतरच्या दशकात थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून ‘जिम क्रो’ नावाचे हास्यास्पद पात्र रंगभूमीवर नाचवीत असे. पुढे पृथक्करणाच्या साऱ्या कायद्यांना त्याच पात्राचे नाव पडले. नाटकातला विदूषक आणि कायद्याच्या पुस्तकातले कलम यांच्यामध्ये फार अंतर नसते, ते असे.

या साच्यात यशासाठीही एक खण राखून ठेवलेला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. बळकट शरीर, गोड गळा आणि निष्ठावंत सेवा, एवढ्या गुणांपुरती प्रशंसा मान्य होती. १९४० साली हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीला ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटातील भूमिकेबद्दल ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. भूमिका होती गोऱ्या कुटुंबाची मनोभावे सेवा करणाऱ्या दासीची. आणि पारितोषिक समारंभात त्यांना बसवण्यात आले ते त्यांच्या सहकलावंतांपासून दूर, वेगळ्या टेबलापाशी. सन्मान आणि पायरी, दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवून देण्यात आले.

दोन मार्ग, दोन अटी

पॉल रोब्सन यांचा जन्म १८९८ साली न्यू जर्सी राज्यातील प्रिन्स्टन येथे झाला. त्यांचे वडील जन्माने गुलाम होते आणि किशोरवयातच मळ्यातून निसटून ते स्वतंत्र झाले होते. १९१५ साली शिष्यवृत्ती मिळवून रोब्सन रटगर्स महाविद्यालयात दाखल झाले. फुटबॉलच्या पहिल्याच सरावात गोऱ्या सहखेळाडूंनी त्यांचे नाक फोडले. पुढे याच मुलाची गणना देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत झाली. तरीही १९१६ साली दक्षिणेतील एका संघाने कृष्णवर्णीयाविरुद्ध खेळण्यास नकार दिला, तेव्हा त्यांच्याच महाविद्यालयाने त्यांना बाहेर बसवले. १९२३ साली कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन ते न्यूयॉर्कमधील एका वकिली कचेरीत रुजू झाले. तेथील गोऱ्या लघुलेखिकेने त्यांच्याकडून मजकूर उतरवून घेण्यास नकार दिला आणि रोब्सन यांनी वकिली सोडली.

रंगभूमीने मात्र त्यांना उचलून धरले. यात विरोधाभास दिसतो, पण तो वरवरचा. बुद्धीचे दार बंद होते आणि गळ्याचे दार उघडे होते, कारण गळा साच्यात बसत होता. १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या ब्रिटिश चित्रपटात त्यांनी आफ्रिकन नायकाची भूमिका घेतली ती आफ्रिकेच्या संस्कृतीचे दर्शन घडेल या आशेने. प्रत्यक्षात चित्रपट साम्राज्यशाहीचे गुणगान करणारा निघाला, आणि रोब्सन यांनी पुढे त्याचा जाहीर धिक्कार केला. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांनी ऑथेल्लो साकार केला. त्याचे २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाने ब्रॉडवेवर गाठलेला तो विक्रम होता.

दुसरे गृहस्थ जॅकी रॉबिन्सन. अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांत अनेक दशके कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाकडून मैदानात उतरून रॉबिन्सन यांनी तो मोडला. संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी १९४५ सालच्या पहिल्याच भेटीत त्यांना अट घातली होती : प्रेक्षक शिव्या देतील, प्रतिस्पर्धी मुद्दाम इजा करतील, पण तुम्ही प्रतिकार करावयाचा नाही. रॉबिन्सन काही जात्याच सोशीक नव्हते. १९४४ साली सैन्यात असताना बसमध्ये मागे जाऊन बसण्यास त्यांनी नकार दिला होता, त्यासाठी त्यांच्यावर लष्करी खटला झाला आणि ते निर्दोष सुटले होते. अशा माणसाने पहिल्या मोसमात मुकाट्याने अपमान गिळले, कारण आपला हात उठला तर ‘पाहा, हे लोक असेच हिंस्र’ असे म्हणून मागून येणाऱ्या प्रत्येकाला दार बंद होईल, हे त्यांना ठाऊक होते.

माझे काम भाषांतराचे. त्यामुळे शब्दांपाशी थांबण्याची सवय जडलेली आहे. त्या काळातील अमेरिकन वृत्तपत्रांत अशा खेळाडूंविषयी एक वाक्प्रचार वारंवार आढळतो : हा मनुष्य ‘आपल्या वंशाचे भूषण’ आहे. मराठीत तो सहज उतरवता येतो. पण उतरवताना प्रश्न पडतो की एखाद्या गोऱ्या खेळाडूला कोणी गौर वंशाचे भूषण का म्हणत नाही? कारण त्याचे यश त्याचे स्वतःचे असते, आणि त्याचे अपयशही. कृष्णवर्णीय मात्र जिंकला तर आपल्या लोकांना अपवाद ठरतो आणि हरला तर त्यांचा नमुना ठरतो. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. अपवाद या शब्दाने साचा मोडत नाही, उलट तो सुरक्षित राहतो.

१८ जुलै १९४९

एप्रिल १९४९ मध्ये पॅरिसच्या जागतिक शांतता परिषदेत रोब्सन बोलले. एका अमेरिकन वृत्तसंस्थेने त्यांच्या तोंडी असे विधान घातले की, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्यावर जुलूम केला त्यांच्या वतीने अमेरिकन कृष्णवर्णीय सोव्हिएत संघाविरुद्ध युद्धास जातील हे कल्पनेपलीकडचे आहे. सभेत उच्चारलेले शब्द आणि तारेने धाडलेले शब्द यांत तफावत होती. पण तपासण्याची तसदी कोण घेणार! देशभर एकच गदारोळ उठला, आणि प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांच्या चौकशी समितीने रोब्सन यांच्या विधानाचे खंडन करण्यासाठी साक्षीला पाचारण केले जॅकी रॉबिन्सन यांना.

यातील क्रूर विनोद पाहा. डिसेंबर १९४३ मध्ये बेसबॉल संघांच्या मालकांसमोर उभे राहून कृष्णवर्णीयांना खेळू द्या अशी मागणी करणाऱ्यांत खुद्द रोब्सन होते. अमेरिकन कम्युनिस्टांचे मुखपत्र ‘डेली वर्कर’ १९३६ पासून आपल्या क्रीडापानावर हीच मोहीम चालवीत होते. ज्यांनी दार ठोठावले त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी दारातून आत आलेल्याला बोलावण्यात आले होते.

रॉबिन्सन यांनी त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. रोब्सन सर्व कृष्णवर्णीयांच्या वतीने बोलू शकत नाहीत, आणि ते विधान त्यांनी खरोखर केले असल्यास ते पोरकट आहे, ही एक. दुसरी अशी की, कम्युनिस्ट अन्यायाविरुद्ध ओरड करतात म्हणून अन्याय खोटा ठरत नाही. पोलिसी अत्याचार आणि झुंडीचे खून खरेच आहेत. वृत्तपत्रांनी पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत छापली. दुसरी तिच्या सावलीत झाकली गेली. रोब्सन यांनी रॉबिन्सनवर उलट हल्ला चढवण्यास नकार दिला. दोन कृष्णवर्णीयांची झुंज लावून मजा पाहणाऱ्यांना तो आनंद मिळू द्यावयाचा नाही, असा त्यांचा निर्धार होता.

पुढे काय झाले?

त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातील पीकस्किल येथे रोब्सन यांच्या गायनसभांवर जमावाने हल्ले केले. १९५० साली त्यांचे पारपत्र रद्द झाले. सभागृहे बंद झाली आणि वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक असलेली मिळकत काही हजारांवर आली. सर्वोत्तम फुटबॉल खेळाडूंच्या जुन्या याद्यांतूनही त्यांचे नाव गाळण्यात आले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात ते पोहोचले १९९५ साली, मृत्यूनंतर १९ वर्षांनी. १९५६ साली समितीने त्यांना विचारले, तुम्ही रशियातच का राहिला नाहीत? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : माझा बाप गुलाम होता, हा देश माझ्या लोकांनी मरमरून उभारला आहे, तेव्हा माझा वाटा घेण्यासाठी मी इथेच राहणार. सर्वोच्च न्यायालयाच्या १९५८ च्या एका निर्णयानंतर त्यांना पारपत्र परत मिळाले.

आणि जॅकी रॉबिन्सन? त्यांनी सर्व अटी पाळल्या होत्या. तरीही १९७२ साली, मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की, आज तसे बोलावणे आले तर आपण ते नाकारू. आपल्या लोकांसाठी संपत्ती व कीर्ती पणाला लावणाऱ्या रोब्सन यांच्याविषयीचा आपला आदर वाढला आहे, असेही त्यांनी नमूद केले. त्या पुस्तकाच्या नावाचाच अर्थ असा की, आपले बस्तान कधी पुरते बसलेच नाही. एकाने मौनाची अट मोडली आणि सर्वस्व गमावले. दुसऱ्याने ती पाळली, आणि आपण काय गमावले हे त्याला उतारवयात उमगले.

या दोघांनंतरही अट बदललेली नाही. २०१६ साली अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला. त्या मोसमानंतर एकाही संघाने त्याला करारबद्ध केले नाही. राष्ट्राध्यक्ष ओबामांनासुद्धा आपण याच देशात जन्मलो हे सिद्ध करण्यासाठी २०११ साली जन्माचा संपूर्ण दाखला जाहीर करावा लागला. त्यांच्या आधीच्या एकाही राष्ट्राध्यक्षाला असा दाखला जाहीर करणे भाग पडले नव्हते.

आपला संबंध

कॉम्रेड्स, हा विषय आपल्याला परका नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. रोब्सन यांचे पारपत्र जप्त असतानाच १९५८ साली त्यांचा साठावा वाढदिवस भारतात जाहीरपणे साजरा झाला. पंडित नेहरूंनी त्यासाठी निवेदन काढले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे समारोह समितीचे अध्यक्ष होते. अमेरिकन अधिकाऱ्यांची नाराजी त्यांना अडवू शकली नाही. आणि ‘तुमच्यातला एक कलेक्टर झाला, आता आणखी काय हवे?’ हे वाक्य आपल्या गावांतून, कचेऱ्यांतून कोणाविषयी उच्चारले जाते, ते मी सांगावयास नको.

म्हणून कोणाचे यश मोजताना आपण एक कसोटी लावावी. किती जण वर पोहोचले हे मोजणे सोपे आहे. त्याहून अवघड प्रश्न असा : त्या समाजातील माणसाला सामान्य असण्याचा हक्क मिळाला आहे काय? चुकण्याचा, रागावण्याचा, एखादा सामना हरण्याचा, आणि त्यासाठी साऱ्या जमातीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे न करण्याचा? जिथे दुप्पट गुणवान असणाऱ्यालाच निम्मा मान मिळतो, तिथे अपवादांची यादी कितीही लांबली तरी ती समता ठरत नाही.

हीच कसोटी आपल्या लेखणीलाही लागू आहे. रोब्सन १९६१ पासून गंभीर मानसिक आजाराने ग्रासले होते. त्यांची शेवटची वर्षे एकांतात गेली आणि २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. पुरोगामी नियतकालिकांतून मात्र बहुधा छापला जातो तो गर्जणारा, अजिंक्य रोब्सन. शत्रूने त्यांना अपवाद ठरवले. मित्रांनी त्यांचा पुतळा करावा, हेही त्यांच्यातील माणसावर लादलेले ओझेच आहे. ज्याने एवढे सोसले त्याला थकण्याचाही अधिकार होता. त्यांच्याविषयी लिहिताना, बोलताना, शाखेत वाचून दाखवताना तो थकवा गाळू नका. वर्णद्वेषाने काय वसूल केले याचा हिशेब त्या थकव्यातच लिहिलेला आहे.