लाळेतील वेगळेपण आणि रक्तगटाची ओळख



लाळ म्हटली की मनात किळस येते. वस्तुतः लाळ ही शरीराची फार मोठी सोय आहे. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. जबड्याखालील व जिभेखालील ग्रंथी, तसेच ओठ, गाल व टाळू यांतील शेकडो लहान ग्रंथी तिच्यात म्युसिन नावाचे चिकट द्रव्य मिसळतात. कानापुढील मोठ्या ग्रंथीची लाळ मात्र पाण्यासारखी पातळ असते. भाकरीचा कोरडा घास घशाखाली सहज उतरतो, दातांवर संरक्षक लेप राहतो, जंतू एकत्र गोळा होऊन पोटात वाहून जातात, यात म्युसिनचा मोठा वाटा आहे.

बाटली धुण्याचा ब्रश डोळ्यांपुढे आणावा. मधली तार म्हणजे प्रथिनाचा धागा आणि भोवतालचे केस म्हणजे शर्करेच्या साखळ्या, अशी म्युसिनची रचना असते. ही रचना सर्वांची सारखी नसते. लाळेतील लहान म्युसिनच्या धाग्यात 23 अमिनो आम्लांचा एक तुकडा पुनःपुन्हा येतो. कोणात तो 5 वेळा, तर कोणात 6 वेळा आढळतो. शर्करांतही असाच फरक असतो. सुमारे 80 टक्के लोकांच्या लाळेत त्यांच्या रक्तगटाची खूण उमटते, इतरांच्या लाळेत ती उमटत नाही. यात कमीपणा मुळीच नाही. उलट, ज्यांच्यात ती उमटत नाही त्यांना उलट्या-जुलाब घडविणाऱ्या नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांची बाधा सहसा होत नाही.

या खुणेचा पाया 'एच' ही शर्करारचना होय. तिच्यावर एक शर्करा चढली की 'ए', दुसरी चढली की 'बी' आणि दोन्ही न चढल्यास 'ओ' गट होतो. परंतु हा पायाच नसलेली माणसेही असतात. डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली मुंबईत अशा व्यक्तींचा शोध जगापुढे मांडला. तोच 'बॉम्बे रक्तगट' होय. या व्यक्तींच्या रक्तपेशींवर 'एच' नसते आणि लाळेतही ते नसते.

धोका येथेच आहे. नेहमीच्या साध्या चाचणीत हा गट 'ओ' असल्याचा भास होतो. मात्र अशा रुग्णास 'ओ' गटाचे रक्त दिल्यास त्याच्या प्राणांवर बेतू शकते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणूनच रक्त देण्यापूर्वी दात्याचे व रुग्णाचे रक्त परस्परांशी जुळवून पाहण्याची चाचणी कितीही घाई असली तरी टाळू नये. एखाद्याचा हा गट निश्चित झाल्यास त्याच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी अवश्य करावी, कारण हा गुण आईवडील दोघांकडून येतो. संकटकाळी दाता घरातच सापडू शकतो.

निसर्गाने प्रत्येकाला वेगळे घडविले आहे. ते वेगळेपण वेळीच जाणून घेणे, यातच शहाणपण आहे.