लहान आतड्यातील गाठी आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया
(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजनांपुढे दिलेले भाषण)



या सभामंडपात आपण आजवर कीर्तने ऐकली, पुराणे ऐकली. तेथे आतड्यांविषयी बोलावयास एक सेवानिवृत्त कारकून उभा राहावा, याचे काहींना नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे. माझी सारी नोकरी जन्ममृत्यूच्या नोंदी उतरून घेण्यात गेली. जुन्या वह्यांत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात कित्येकदा ‘पोटशूळ’ एवढाच शब्द आढळे. वय वीस, बावीस, कधी बारा. एकाच घराण्यात तो शब्द दोन पिढ्यांत पुन्हा आला म्हणजे लेखणी क्षणभर थांबत असे. त्या शब्दाआड अनेक रोग दडलेले असणार. त्यांपैकी एकाविषयी, आणि त्यावर आज होणाऱ्या उपायाविषयी, मी बोलणार आहे.

लहान आतडे हे रुंदीने लहान. लांबीने ते सुमारे ६ मीटर, म्हणजे वीस फूट भरते. त्याचे भाग तीन. पहिल्याच्या लॅटिन नावात ‘बारा’ हा आकडा आहे, कारण बारा बोटे आडवी ठेवावीत तेवढी त्याची लांबी. दुसऱ्याचे नाव ‘जेजुनुम’. आपणांपैकी जे पोर्तुगीज शिकले त्यांस ‘जेजुम’ म्हणजे उपास, हे आठवेल. प्राचीन शरीरशास्त्रज्ञांस प्रेतात हा भाग रिकामा आढळे, म्हणून हे नाव पडले. मराठी परिभाषेत त्यास रिक्तांत्र म्हणतात आणि ते यथार्थ आहे. तिसरा भाग शेषांत्र. अन्नमार्गाची बहुतेक लांबी या तिघांनी व्यापलेली असूनही त्या मार्गातील कर्करोगांपैकी शंभरांत पाचदेखील येथे होत नाहीत.

गाठी थोड्या, परंतु त्या शोधणे फार कठीण. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाकडेतिकडे वाहून नेता येते, हे दाखविले. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी त्यावरून जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण केली. १९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे वुल्फ आणि शिन्या यांनी मोठ्या आतड्यातील मांसांकुर, ज्यास डॉक्टर पॉलिप म्हणतात, तारेच्या फासाने दुर्बिणीतूनच कापून काढण्यास आरंभ केला. वरून जठर दिसू लागले, खालून मोठे आतडे दिसू लागले. मधले वीस फूट मात्र अंधारातच राहिले. तेथील गाठीकरिता पोट उघडण्यावाचून बहुधा गत्यंतर नसे.

त्या अंधारात पहिला दिवा नेला तो गाब्रिएल इद्दान या इस्राएली अभियंत्याने. हे गृहस्थ क्षेपणास्त्रांच्या नेत्रयंत्रणेवर काम करणारे! त्यांच्या कल्पनेतून गिळता येईल अशी कॅमेऱ्याची गोळी निघाली, ११ मिलिमीटर जाड व २६ मिलिमीटर लांब. सेकंदाला दोन याप्रमाणे छायाचित्रे घेत ती सुमारे आठ तास पोटात फिरे व मलावाटे बाहेर पडे. २००१ साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. परंतु गोळी पाहते, कापीत नाही. शिवाय आतडे कोठे अरुंद झाले असेल तर तेथे अडकून बसते.

त्याच वर्षी जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातील हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण प्रसिद्ध केली. तिची युक्ती आपल्या घरातील स्त्रियांस एका वाक्यात कळेल. लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण काय करतो? नाडी पुढे सारतो, कापड चुण्या घालीत मागे ओढतो आणि पुन्हा पुढे सारतो. येथे २ मीटर लांबीची दुर्बीण एका मऊ नळीतून जाते. दुर्बिणीच्या टोकाशी एक फुगा, नळीच्या टोकाशी दुसरा. एक फुगवून आतडे धरावयाचे, दुसऱ्याने पुढे सरावयाचे, मग दोन्ही फुगवून मागे ओढावयाचे. आतडे चुण्या पडून नळीवर गोळा होते आणि दोन मीटरची दुर्बीण कितीतरी लांबवर पोहोचते. तोंडावाटे जेवढे जाता येईल तेवढे जातात, उरलेल्यासाठी गुदद्वारावाटे येतात.

गाठ दिसल्यावर तिच्या बुडाशी सुईने औषधी पाणी टोचून ती वर उचलतात, तारेचा फास टाकतात व विजेच्या उष्णतेने कापतात. हे काम फार जपून करावे लागते, कारण या आतड्याची भिंत दोनतीन मिलिमीटर जाडीची. रक्तस्राव होण्याचे व छिद्र पडण्याचे भय असते, आणि तोंडावाटे गेल्यास कधी स्वादुपिंडास सूज येते. देठ असलेल्या मोठ्या गाठीसाठी जपानी डॉक्टरांनी आणखी एक रीत काढली. देठास चिमटा लावून त्यातील रक्तपुरवठा बंद करावयाचा. काही दिवसांत गाठ वाळून आपोआप गळून पडते. ही रीत मला फार आवडली. पण हेही सांगितले पाहिजे की, भिंतीच्या आत खोल रुजलेल्या गाठी आणि पसरलेला कर्करोग यांस आजही शस्त्रवैद्याचा सुराच लागतो.

मग ही दुर्बीण कोणास वरदान ठरली? प्रामुख्याने एका आनुवंशिक रोगाच्या माणसांस. १९२१ साली हॉलंडमधील डॉक्टर पॉइट्झ यांनी एका कुटुंबाची हकीकत लिहिली. त्यातील माणसांच्या ओठांवर व गालांच्या आत काळपट ठिपके होते आणि आतड्यांत मांसांकुर होते. १९४९ मध्ये अमेरिकेत जेगर्स यांनी असेच रुग्ण वर्णिले. रोगास या दोघांची नावे जोडली आहेत. त्या डच कुटुंबाचा मागोवा ७८ वर्षांनंतरही घेतला गेला व तो १९९९ साली छापून आला. रोगास कारण होणारा जनुक १९९८ मध्ये सापडला. आईबापांपैकी एकास हा रोग असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो येण्याचा संभव निम्मा. मांसांकुरास ओढीत आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, दुर्बिणीच्या नळीसारखा, आणि मार्ग बंद होतो. विसाव्या वर्षापर्यंत निम्म्या रुग्णांवर हा प्रसंग येतो. पूर्वी दर वेळी पोट उघडावे लागे, दर वेळी थोडे आतडे कापले जाई. शेवटी अन्न पचविण्यास पुरेसे आतडेच उरत नसे.

आमच्या नात्यातील एका आजीचे पोट तीनदा उघडले होते. तिच्या ओठांवरील ठिपक्यांस सारे ‘जांभळे खाल्लेले ओठ’ म्हणत व कौतुक करीत. तिच्या लेकीच्या मुलीला, वय अकरा, तसेच ठिपके आहेत हे एका तरुण डॉक्टरांनी पाहिले व नेमका प्रश्न विचारला: घरात कोणाचे आतडे कापले होते काय? मुलीची तपासणी झाली आणि परगावच्या एका मोठ्या रुग्णालयात फुग्यांच्या दुर्बिणीने तीन मांसांकुर निघाले. पोटावर टाका नाही. चौथ्या दिवशी ती घरी होती. हल्लीच्या मार्गदर्शनानुसार अशा मुलांची तपासणी आठव्या वर्षाच्या सुमारास सुरू करावी, पुढे दर एक ते तीन वर्षांनी करावी आणि १५ ते २० मिलिमीटरहून मोठा मांसांकुर आतडे अडण्याआधीच काढावा.

रोग अत्यंत विरळा आहे; ओठांवर तीळ दिसला म्हणून कोणी घाबरू नये. ओठांवरचे ठिपके वयाबरोबर पुसटही होतात, गालाच्या आतले राहतात. माझे म्हणणे निराळेच आहे. आपल्या देवस्थानात महाजनांची नोंदवही आहे, तिचा आपणांस अभिमान आहे. परंपरेने तिच्यात पुरुषांची नावे लिहिली गेली. लेक सासरी गेली की तिची शाखा आपल्या कागदावरून संपते. वर सांगितलेली मुलगी आजीच्या लेकीची लेक. आपल्या कोणत्याही वंशावळीत आजी व नात एका पानावर आल्याच नसत्या. आणि घराण्यातील आजार लपविण्याची आपली सवय, ‘सोयरिकीत अडचण येईल’ म्हणून, ती आणखी वेगळी. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून ही माहिती देवस्थानाच्या दप्तरात नको. प्रत्येकाने ती आपल्या घरी ठेवावी.

मी एक साधा तक्ता तयार केला आहे. नाव, जन्मवर्ष, कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या वयात, काय निघाले, मृत्यूचे कारण. लेकी व त्यांची मुले यांसाठी तेवढेच रकाने. प्रती कचेरीत ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत त्यांनी या चतुर्थीला, सारे जमतील तेव्हा, त्यांस विचारून तो भरावा. शस्त्रक्रियेचे जुने कागद सापडल्यास ते सोबत जोडावेत. अक्षर लागत नसेल तर मजकडे आणावेत, मी वाचून देईन.