बाटलीवरची किंमत

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक मंडळींनी मला बोलायला सांगितलं तेव्हा विषय दिला होता, ‘आयटीमधली माझी वीस वर्षं’. मी म्हटलं, जेवणाच्या आधी हा विषय नको, लोक उठून पंगतीत जाऊन बसतील. मग कशावर बोलणार? म्हटलं, गाडीच्या पॉलिशवर. फोनवर जरा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, “अगं, नोकरी आहे ना चालू?”

आहे. सोमवार ते शुक्रवार मी हिंजवडीला कोडच लिहिते. पण गेली तीन वर्षं महिन्यातले दोन शनिवार-रविवार मी मलकापूरला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर, एका पत्र्याच्या शेडमध्ये असते. ते माझ्या धाकट्या भावाचं कार डिटेलिंगचं दुकान. तोही आपल्याच शाळेचा, आपल्या मागे दोन वर्षं. सरांना तो नक्की आठवत असेल, बाकावर कर्कटकानं नक्षी कोरणारा म्हणून. दहावीला एकदा गणितात राहिला, मग आयटीआय केलं आणि पुण्याला एका वर्कशॉपच्या पेंट विभागात लागला. अठरा वर्षं रंग मारला, घासला, चमकवला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती नोकरी गेली आणि तो बायको-पोरांसह गावी आला.

वर्षभर हातात काम नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, तुझा हात आणि माझे पैसे, आपण दुकान काढू. साठवलेले चार लाख मी घातले. पैसे माझे, म्हणून खरेदीही मी करणार, असं मी न विचारताच ठरवून टाकलं. आजची गोष्ट इथूनच सुरू होते.

डिटेलिंग म्हणजे गाडी धुणं नव्हे. नवी गाडी दोन वर्षांची झाली की उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. रोज सकाळी कोरडी धूळ फडक्यानं पुसण्याचे ते परिणाम. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वर पांढरे डाग. हे सगळं मशीन, पॅड आणि पॉलिश वापरून काढायचं आणि वर संरक्षणाचा थर द्यायचा, हे आमचं काम. त्यात पॉलिश ही रोज संपणारी वस्तू. त्यामुळे पहिला प्रश्न तोच होता, परवडणारं पॉलिश कुठलं घ्यायचं?

मी इंजिनिअर. एक्सेल उघडलं. तेरा-चौदा पॉलिशं, त्यांच्या किमती, बाटलीचं माप. एकीवर लिटर, दुसरीवर किलो, तिसरीवर मिलीलिटर. सगळं १०० मिलीच्या भावात आणलं, चढत्या क्रमानं लावलं आणि सगळ्यात वरच्या ओळीतला पाच लिटरचा कॅन मागवला. भावाला तक्ता दाखवला. त्यानं कॅन उघडला, थोडं बोटांवर घेऊन चोळलं, वास घेतला आणि म्हणाला, “आक्का, ह्यात तेल लई आहे. चरा भरंल, जाणार नाही.” मी म्हटलं, “तू पैशाचं बघू नकोस, ते माझ्याकडे.” तो गप्प बसला. लहानपणापासून माझ्यासमोर गप्प बसायची सवय त्याला लागलेलीच होती.

तो काय म्हणत होता, हे कळायला रंग समजून घ्यावा लागतो. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट असा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. आपल्या वहीचा कागद ८०-१०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे त्याच्या निम्मा. चरा पडतो तो या क्लिअरमध्ये.

तो घालवायचे मार्ग दोन. पहिला खरा. पॉलिशमधल्या बारीक कणांनी चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर अगदी किंचित झिजवायचा, पृष्ठभाग सपाट झाला की चरा संपला. हे मोजून करावं लागतं, कारण गेलेला क्लिअर परत येत नाही. दुसरा मार्ग चरा तेलानं किंवा मेणानं भरून टाकायचा. दिसायला दोन्ही सारखेच. गाडी आरशासारखी चमकते, गिऱ्हाईक खूश होतं, पैसे देतं. पण भरलेला चरा दोन-चार वेळा शाम्पूनं धुतला की पुन्हा उघडा पडतो.

दुकान २०२२ च्या दसऱ्याला सुरू झालं. पहिल्याच महिन्यात आपले एक सर आले. निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली गडद निळी गाडी. त्यांना विचारूनच मी हे आज सांगतेय आणि ते समोर बसून हसतायत. भावानं दिवसभर खपून गाडी केली. सरांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि त्याच्या पाठीवर थाप दिली. त्या रात्री त्यानं मला फोन करून तेवढंच सांगितलं, “आक्का, सरांनी पाठ थोपटली.” चाळिशीचा माणूस, पण आवाज सातवीतला.

तीन आठवड्यांनी सर परत आले. गाडी उन्हात उभी केली आणि म्हणाले, “बाळ, उत्तर चुकलंय का रे कुठं?” बॉनेटवर तेच जाळं, जसंच्या तसं. भावानं माझं नाव घेतलं नाही. एक्सेलचं नाव घेतलं नाही. “माझी चूक झाली सर,” म्हणाला, पैसे परत केले आणि दोन दिवस घेऊन गाडी पुन्हा केली, या वेळी स्वतःच्या पैशांनी आणलेल्या छोट्या बाटलीनं. मला हे पंधरा दिवसांनी वहिनीकडून कळलं. पाच लिटरच्या कॅनमधलं पावणेचार लिटर तेव्हा शिल्लक होतं.

त्या शनिवारी मी गेले आणि पहिल्यांदा त्याला नीट विचारलं, की तू पॉलिश कसं पारखतोस? त्यानं भंगारातून एक काळं बॉनेट आणलं. काळंच का, तर काळ्यावर काही लपत नाही. मास्किंग टेप लावून त्याचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात वेगळं पॉलिश, पण मशीन तेच, मशीनचा वेग तोच, पॅड त्याच जातीचं आणि धुतलेलं, हात चार आडवे, चार उभे, थेंबही मोजून सारखेच. मी बघतच राहिले. नववीच्या प्रयोगशाळेत बाई सांगायच्या, की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. त्याच्या जर्नलवर लाल शेरे असायचे. पण ही गोष्ट त्याच्या हातात उतरली होती.

मग सगळ्यात महत्त्वाची पायरी. प्रत्येक चौकोन त्यानं पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. त्यानं वरचं तेल निघून जातं आणि खरं काय झालं ते उरतं. अंधारात टॉर्च मारून बघितलं, मग बॉनेट उन्हात नेऊन बघितलं. माझ्या स्वस्त कॅनचा चौकोन पुसण्याआधी सगळ्यांत चमकत होता आणि पुसल्यावर तिथं सगळे चरे हजर.

मग आम्ही दोघांनी मिळून नवा तक्ता केला. त्यात बाटलीची किंमत हा एकच रकाना होता. बाकीचे त्यानं सांगितले. चरा किती कापतं, मागं धूसरपणा राहतो का, धूळ किती उडते, किती वेळ ओलं राहतं, पुसायला किती जोर लागतो, एका गाडीला किती मिली जातं. आकडे समजायला सोपे करून सांगते.

समजा, एक पॉलिश ६०० रुपये लिटर. ते लवकर वाळतं, म्हणून गाडीला १५० मिली लागतं, म्हणजे ९० रुपये. दुसरं २,००० रुपये लिटर, पण गाडीला ८० मिलीच पुरतं, म्हणजे १६० रुपये. कागदावर पहिलं ७० रुपयांनी स्वस्त. पण पहिल्याची धूळ झाडण्यात, वाळलेलं खरवडण्यात आणि शेवटी धूसरपणा काढायला आणखी एक हात मारण्यात मुलाचे तीन तास जास्त जातात. त्याला तासाचे ८० रुपये धरले तर २४० रुपये झाले. म्हणजे पहिलं ३३० ला पडलं आणि दुसरं १६० ला. जादा घासल्यानं पॅड लवकर झिजतं ते वेगळंच, आणि गिऱ्हाईक परत आलं तर सगळाच हिशोब गेला.

म्हणून महागातलं महाग घ्यावं का? तर तेही नाही. आम्ही ४,५०० रुपये लिटरचंही एक लावून बघितलं. ७० मिली लागलं, म्हणजे ३१५ रुपये. काळ्या रंगावर ते थोडं उजवं ठरलं, पण वेळ तेवढाच गेला आणि पांढऱ्या गाडीवर टॉर्च मारूनही फरक दिसेना. आपल्या भागात पांढऱ्या आणि चंदेरी गाड्याच जास्त. मग ते कशाला? त्याची एक छोटी बाटली काळ्या गाड्यांपुरती ठेवली.

आज आमच्या फळीवर चारच बाटल्या आहेत. खोल चऱ्यांसाठी एक कापणारं कंपाउंड. त्यानंतर झिलई आणायला मधल्या किमतीचं बारीक पॉलिश. काळ्यांसाठी ती छोटी बाटली. चौथं म्हणजे एकाच हातात थोडं कापणारं, थोडं भरणारं आणि वर संरक्षण देणारं, थ्री-इन-वन म्हणतात तसलं. हो, त्यातही भरणी आहे. टॅक्सीवाले येतात, जुनी गाडी विकायला काढलेले येतात, त्यांना दोन दिवसांचं काम परवडत नाही. त्यांना भाऊ आधीच सांगतो, “चरे कमी दिसतील, जाणार नाहीत. दोन महिन्यांनी परत दिसतील.” हे ऐकून काही जण निघून जातात, बरेच जण थांबतात. भरणी वाईट नाही. भरणीला सफाई म्हणून पैसे घेणं वाईट, एवढाच त्याचा नियम.

वाचलेले पैसे आम्ही पॅड आणि मायक्रोफायबर फडक्यांवर घालतो. पॉलिश कितीही चांगलं असलं तरी मळलेल्या पॅडनं ते नवे चरे पाडतं. नवं काही घ्यायचं तर आधी सगळ्यात लहान बाटली आणि भंगारातलं बॉनेट. आणि लेबल नसलेल्या सुट्या कॅनमधून भरून दिलेलं काहीही नाही. आमच्या शेजारीच डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. पॉलिशमध्ये सिलिकॉन असेल आणि त्याचा अंश ताज्या रंगाच्या आधी पत्र्यावर बसला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. शेजाऱ्याचं नुकसान करून आपली चमक कशाला?

तुम्हा सगळ्यांसाठी फुकटचे तीन सल्ले. कोरडी धूळ फडक्यानं पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा. गाडी उन्हात तापलेली असताना धुऊ नका, बोअरचे डाग तिथंच भाजून बसतात. आणि कुठंही पॉलिश करून घेतलंत तर पैसे देण्याआधी म्हणा, एक कोपरा अल्कोहोलनं पुसून दाखवा. जो लगेच पुसून दाखवील त्याच्याकडे पुन्हा जा.

आता शेवटचं, आणि हे जरा अवघड आहे. आपल्या शाळेनं मला खूप दिलं. वक्तृत्व, गणित, इंजिनिअरिंगला जायचं धाडस. आणि माझा भाऊ याच वर्गांमधून दोन वर्षं मागं चालत असताना त्याला एकच वाक्य सारखं ऐकू यायचं, “ताईकडे बघ जरा.” सर आणि बाई ते प्रेमानं म्हणायचे, आईही म्हणायची. मला ते ऐकायला फार आवडायचं, हे आज कबूल करते. त्या पाच लिटरच्या कॅनच्या वेळी तो माझ्यासमोर गप्प बसला, त्याचं मूळ त्या वाक्यात होतं. आणि मी त्याचं ऐकलं नाही, त्याचं मूळही तिथंच होतं.

आता खरेदी तो करतो. तक्ता मी भरते, रकाने तो सांगतो. माझे चार लाख अजून पूर्ण फिटलेले नाहीत, पण गेल्या दिवाळीत त्यानं एका मुलाला कायम कामावर घेतलं, दहावीत एकदा राहिलेल्याच.

आज तो इथं नाही. रविवार म्हणजे आमचा गर्दीचा दिवस. पण त्यानं एक निरोप दिलाय. सरांची निळी गाडी या महिन्यात पुन्हा आणायची आहे, तीन वर्षं झाली. आणि मघाशी मी पार्किंगमधून येताना तुमच्या गाड्याही बघून आलेय. चार-पाच जणांना जेवणानंतर गाठणार आहे.